मुक्कामतज्ज्ञ काका

मुंबईच्या उपनगरांत विस्तारलेल्या प्रत्येक मराठी गोतावळ्यात मुक्कामतज्ज्ञ या वर्गातील किमान एक गृहस्थ आढळतो. लग्नकार्य, व्हिसाची मुलाखत किंवा शस्त्रक्रिया अशा निमित्ताने बाहेरगावचे आप्त आठ-दहा दिवसांसाठी येणार असतील, आणि नातेवाइकाच्या दोन खोल्यांत आठ जणांची पथारी पसरण्याचे दिवस सरल्यामुळे त्यांनी सर्व्हिस अपार्टमेंट, म्हणजे भांडी-शेगडीसह दिवसांच्या हिशेबाने भाड्याने मिळणारी सदनिका, घेण्याचे ठरवले असेल, तर ती कोठे घ्यावी हे सांगण्याचा अधिकार या गृहस्थाकडे आपोआप जातो. तो कोणी दिलेला नसतो, त्यामुळे काढूनही घेता येत नाही. हा गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेला आणि नात्यात बहुधा कोणाचा तरी काका असतो, म्हणून येथे त्यास काका असेच म्हटले आहे.

काकांचा भूगोल रेल्वेपासून सुरू होतो. पश्चिम रेल्वेवरील अंधेरी व बोरिवली आणि मध्य रेल्वेवरील घाटकोपर व मुलुंड ही स्थानके, १९९० साली शहर जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या एकाच मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडत असली, तरी काकांच्या लेखी ते दोन स्वतंत्र देश आहेत. नकाशावर दोन बोटांचे अंतर पाहून मुलुंडला राहून बोरिवलीचे लग्न उरकण्याचा बेत आखणाऱ्या नागपूरकरांना ते शांतपणे सांगतात, की मध्ये संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आहे, उद्यानात बिबटे आहेत, आणि लोकलने जायचे तर दादरपर्यंत खाली येऊन, पूल चढून, दुसऱ्या लाइनने पुन्हा वर जावे लागते. या मुद्द्यावर काका निर्विवादपणे बरोबर असतात, आणि पुढील सर्व चुकांचे भांडवल त्यांना येथूनच मिळते. जून २०१४ मध्ये वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो सुरू होऊन या दोन देशांत दळणवळण प्रस्थापित झाले, हे ते नाकारत नाहीत. मात्र संध्याकाळी घाटकोपरच्या जिन्यावर होणाऱ्या गर्दीचे ते असे वर्णन करतात, की पाहुणे नागपूरचे परतीचे तिकीट पाहू लागतात.

लाइनीनंतर पूर्व-पश्चिम. रुळांच्या कोणत्या अंगाला घर आहे यावर भाडे, भाजी आणि शेजार ठरतो, अशी काकांची श्रद्धा आहे. अंधेरी पूर्वेला विमानतळ जवळ, हे मान्य करूनही ‘पावसात सबवे भरला की पश्चिमेला कसे जाणार?’ हा प्रश्न ते जानेवारीतल्या पाहुण्यांनाही विचारतात. स्थानकापासूनचे अंतर ते केवळ मिनिटांत सांगतात, आणि ‘चालत दहा मिनिटं’ या परिमाणात सामान, सासूबाई आणि फेरीवाले धरलेले नसतात.

काकांचे खरे रूप प्रत्यक्ष पाहणीच्या वेळी दिसते. दिवाणखान्यातील भव्य टीव्हीकडे ढुंकूनही न पाहता ते थेट स्वयंपाकघरात शिरतात, नळ सोडून धारेखाली बोट धरतात आणि एजंटला पाणी किती वाजता येते ते विचारतात. ‘चोवीस तास’ या उत्तराचा अर्थ, पालिकेचे पाणी ठरावीक वेळीच येते आणि उरलेला वेळ गच्चीवरची टाकी भागवते, असा असल्याचे ते सोबतच्या मंडळींना एजंटच्या देखत समजावून सांगतात. मग कपाटे उघडली जातात. त्यांत उंच दांड्याचे सहा काचेचे पेले, टोस्टर आणि पिझ्झा कापण्याचे चाक निघते. पोळपाट-लाटणे निघत नाही, सांडशी निघत नाही. ‘गरम पातेलं उतरवायचं कशानं, रुमालानं?’ असे विचारून काका स्वतःचा रुमाल काढून दाखवतात. जगभर ज्यास स्वतः रांधून राहण्याची सोय म्हणतात, ती मराठी कुटुंबाच्या बाबतीत या दोन वस्तूंवाचून अडते, हे निरीक्षण सदर लेखकासही पटते. शेवटी सोसायटीचा प्रश्न येतो: काही इमारतींत मांसाहार चालत नाही, काहींत अल्पमुदतीचे पाहुणेच चालत नाहीत, आणि कोल्हापूरची मंडळी तांबड्या रश्श्याचा मसाला बांधूनच आलेली असतात.

इतक्या विश्लेषणानंतर निष्कर्ष मात्र पूर्वनियोजित असतो. शस्त्रक्रिया अंधेरीत असो वा मुलाखत वांद्रे-कुर्ला संकुलात, मुलुंडचे काका मुलुंडच सुचवतात आणि बोरिवलीचे काका बोरिवली, कारण संध्याकाळी गप्पांना चपला घालून जाता आले पाहिजे. अधिक तपशिलात शिरल्यास पाहुण्यांच्या चहाची वेळही त्यांनी ठरवलेली आढळते.

तेव्हा वाचकांनी ज्या कामासाठी यायचे त्याच्याच लाइनीवर घर घ्यावे, आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी सोसायटीची परवानगी आणि पाण्याची वेळ विचारून घ्यावी, पोळपाट काकांकडून मागून आणावा. आणि भाडे किती दिले ते त्यांना सांगू नये, कारण ते नेहमीच जास्त असते.