कल्प्रिट, हाजिर हो!

ऑफिसात सर्व्हर बसो की सोसायटीत पाणी न येवो, पहिला सवाल ठरलेला: 'मेन कल्प्रिट कोण?' हा इंग्रजी शब्द मला प्रिय आहे, कारण तो कुणा पंडिताने घडवलेला नाही. कारकुनाच्या कंटाळ्यातून जन्मला आहे.

१०६६ मध्ये नॉर्मन इंग्लंडात घुसले आणि कोर्टकचेरीत फ्रेंच येऊन बसली. रयतेला ती कळेना. म्हणून १३६२ मध्ये कायदा झाला, की युक्तिवाद इंग्रजीतून करा. कायदा लिहिला फ्रेंचमध्ये! वकिलांनीही तो फारसा मनावर घेतला नाही. पुढे त्या फ्रेंचचं पार कडबोळं झालं. १६३१ साली सॉल्सबरीत एका कैद्याने न्यायाधीशावर विटेचा तुकडा फेकला. त्याची नोंद आहे फ्रेंचमध्ये, पण वीट आणि हुकलेला नेम दोन्ही इंग्रजीतच. (नेम हुकूनही कैदी फासावर गेला.)

तर आरोपीने 'गुन्हा कबूल नाही' म्हटलं, की राजातर्फे कारकून याच फ्रेंचमध्ये तिथल्या तिथे उत्तर द्यायचा: दोषीच आहेस, आणि आम्ही ते सिद्ध करायला तयार आहोत. दोषी म्हणजे 'कल्पेबल', लॅटिन 'कुल्पा'वरून. तयार म्हणजे 'प्रेस्त' किंवा 'प्रिट', तेही मूळ लॅटिनच. आमच्या घरी हीच कार्यपद्धती चालते. 'फ्रिजचं दार मी उघडं ठेवलं नाही' हे वाक्य पुरं व्हायच्या आत फिर्यादी पक्ष पुराव्यानिशी सज्ज असतो. न्यायाधीशही तोच.

रोज एवढं लांबलचक कोण लिहिणार? दप्तरात 'कल. प्रिट' एवढंच उरलं. मग कुणीतरी ते जोडून वाचलं आणि समजूत झाली, की आरोपीला अशीच हाक मारायची असते. इतकी गंभीर गोष्ट कोर्टाने इतक्या चमत्कारिक रीतीने का लिहावी, असा प्रश्न अठराव्या शतकात ब्लॅकस्टोनसारख्या कायदेपंडितालाही पडला होता.

ही हाक पहिल्यांदा नोंदलेली सापडते १६७८ मध्ये. पेम्ब्रोकचा अर्ल फिलिप हर्बर्ट खुनाच्या आरोपाखाली लॉर्डांपुढे उभा होता. त्याने आरोप नाकारला, आणि 'कल्प्रिट, तुझा न्याय कसा व्हावा?' असा त्याला सवाल झाला. म्हणजे साक्षीदार यायच्या आधीच बारसं उरकलं. लॉर्डांनी खुनाऐवजी सदोष मनुष्यवध ठरवला. अर्लने उमरावांची खास सवलत पुढे केली, कोर्टाची फी भरली आणि तो घरी गेला.