कुठवर आले?

यंत्र आपले काम निमूटपणे करीत असता त्याच्या उशाशी बसून ‘कुठवर आले?’ असा तगादा लावल्यावाचून ज्याला चैन पडत नाही, त्या मनुष्यप्राण्याच्या समाधानासाठीच प्रोग्रामात प्रगतीचा आकडा दाखविण्याची वहिवाट पडली असली पाहिजे. यंत्राला स्वतःला त्याचे यत्किंचितही प्रयोजन नाही. असे शेकडेवारीचे निर्देशक लोकांना हवेसे वाटतात, हे ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली प्रयोगांती दाखवून दिले. आमच्या घरच्या मंडळींना ते प्रयोगावाचूनही ठाऊक होते.

पायथनमध्ये हा आकडा जागच्या जागी पालटावयाचा, तर प्रिंटला नवी ओळ धरण्याची मनाई करून शेवटी कॅरिज रिटर्न हे चिन्ह द्यावे लागते. आस्कीच्या कोष्टकात तेराव्या क्रमांकावर बसलेले हे चिन्ह म्हणजे टंकयंत्राचा गाडा ओळीच्या आरंभी नेण्याचा हुकूम; गाडा गेला, त्याचा दांडा गेला, हुकूम मात्र अद्याप जारी आहे. परंतु एवढ्याने कार्यभाग साधतोच असे नाही. मध्ये बफर नामक एक अंमलदार असतो, आणि ओळ पुरी झाल्यावाचून कागद पुढे न सरकविणाऱ्या जुन्या शिरस्तेदाराप्रमाणे तो सारे आकडे दप्तरात दाबून ठेवतो. परिणामी पडदा अर्धा तास कोरा राहतो आणि काम आटोपल्यावर एकदम ‘१००’ उमटते. यावर ‘फ्लश’ हा तातडीचा शेरा मारण्याची सोय प्रिंटमध्ये आहे.

त्यातून आकडा उतरता ठेवण्याची हौस असेल, तर निराळाच अनर्थ ओढवतो. गाडा परत येतो खरा, पण मागचे पुसून येत नाही. ‘बाकी १००’ वर ‘बाकी ९९’ छापले की जुन्या शंभरातले शेवटचे शून्य तसेच राहून ‘बाकी ९९०’ असे वाचावयास मिळते आणि बघणाऱ्याचा धीर सुटतो. आकड्यापुढे दोन-चार कोऱ्या जागा सोडल्या की हे भूत उतरते.

हे सर्व सायास टाळणाऱ्यांसाठी टीक्यूडीएम नावाची तयार सामग्री आहे. ती उरलेल्या वेळेचा अदमासही सांगते, आणि पुढच्या फाइली अगडबंब निघाल्या की तोच अदमास निर्लज्जपणे वाढवीत नेते.

मौज अशी की, ही विद्या शिकविण्यासाठी दिलेले नमुन्याचे प्रोग्राम बहुधा दुसरे काहीच करीत नाहीत: टाइम-स्लीपच्या आज्ञेने प्रत्येक फेरीत घटकाभर झोप काढतात आणि किती झोप झाली त्याची शेकडेवारी देतात, आणि आपण विद्वान माणसे ती शंभर भरेपर्यंत खुर्चीवरून हलत नाही.