घसा बसला, कोड बसेना

अमेरिकेत घसा बसला, की बिलासाठी आधी तो आजारांच्या कोडपुस्तकातल्या एखाद्या कोडात बसवावा लागतो. स्वरयंत्राला सूज आली तर जे०४.०, घशाला आली तर जे०२, दोन्हीकडे असेल तर जे०६.०. टॉन्सिल्सचं बिऱ्हाड वेगळं, जे०३मध्ये. डॉक्टरांनी घाईत नुसतं ‘घसा खराब’ खरडलं, की हे कोड लावणारा रात्रपाळीचा भारतातला कोडर विचारणार, नेमका कुठे खराब? उत्तर येईतो बिल अडकतं. विषाणूचा घसा मात्र कुणाच्या सहीसाठी थांबत नाही, आपला आपण बरा होतो.

आवाज बसण्याला आर४९.० आहे, पण निदान लॅरिंजायटिसचं, म्हणजे स्वरयंत्राच्या सुजेचं, असेल तर तो लावायचा नाही. लक्षण आजारातच जमा! खरी गंमत ‘बहुधा’ची. ओपीडीच्या कागदावर ‘बहुधा स्ट्रेप’ (म्हणजे जिवाणूंचा घसा) लिहिलं तर ते शून्य, नुसती घसादुखी लावा. तोच माणूस रुग्णालयात भरती झाला आणि डिस्चार्जच्या कागदावरही ‘बहुधा’ टिकलं, तर स्ट्रेप झालाच असं धरायचं. म्हणजे शंकेची खात्री व्हायला खाट लागते. आणि याच पुस्तकात कोंबडीने टोचल्याचा कोड मात्र बिनशंकेचा आहे: डब्ल्यू६१.३३.