नोडल अधिकारी
अनेक विभागांच्या कामाचे धागे ज्या एका व्यक्तीपाशी येऊन मिळावेत असे शासनाला वाटते, तिला नोडल अधिकारी म्हणतात. प्रत्यक्षात तेथे धाग्यांचा गुंता होतो आणि तो मूळ पदाचा कार्यभार सांभाळून सोडवावयाचा असल्यामुळे या पदाला वेतनश्रेणी नसते. १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आलेल्या महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा हे या प्रजातीचे आवडते वसतिस्थान, कारण तेथे शिक्षण, आरोग्य, बांधकाम आणि अर्थ हे विभाग एकाच आवारात नांदत असले तरी त्यांच्यातील अंतर जावक क्रमांकांत मोजले जाते. नेमणुकीस पात्रता माफक लागते: साहेबांचा अडकलेला प्रिंटर कधीतरी चालू करून दिलेला असला की पुरे.

त्याची पहिली लढाई अक्षरांशी होते. जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला एकच ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ मध्ये आली आणि देवनागरी तीत पहिल्या आवृत्तीपासून आहे. परंतु जुन्या फॉण्टांत मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असल्याने, तो फॉण्ट नसलेल्या संगणकावर एखाद्या विभागाचा अहवाल उघडला की रोमन अक्षरे आणि स्वल्पविराम यांची रास तेवढी दिसते. त्यापेक्षा ‘निरंक’ अहवाल, म्हणजे कळविण्याजोगे काहीच नसल्याचे कळविणारा कागद, त्याला परवडतो. तो निदान वाचता येतो.

यावर उपाय म्हणून तो सामायिक तक्ता काढतो, म्हणजे इंटरनेटवरील असा एकच तक्ता की जो सर्व विभागांनी आपापल्या जागेवरून भरावा. विभागप्रमुखांना कल्पना पसंत पडते. मात्र सही-शिक्क्याशिवाय माहिती अधिकृत कशी, या रास्त शंकेपायी प्रत्येक विभाग तो तक्ता छापतो, हाताने भरतो, सही करून स्कॅन करतो आणि व्हॉट्सॲपवर नोडल अधिकाऱ्याकडे धाडतो, आणि मग तोच रात्री बसून आकडे टंकतो. अपवादाने एखादा उत्साही लिपिक तक्त्यात शिरलाच, तर तो नावांचा एकच रकाना वर्णानुक्रमे लावतो, शेजारची पटसंख्या जागच्या जागी राहते आणि डोंगरावरच्या वस्तीशाळेत तालुक्याच्या हायस्कुलाइतकी मुले भरतात.

असा तक्ता प्रत्येक बदल कोणाच्या खात्यातून झाला याची नोंद ठेवतो, ही या यंत्रणेची खरी थोरवी. पण कोणालाच स्वतःचे खाते उघडावयाचे नसल्यामुळे नोडल अधिकाऱ्याने आपलाच पासवर्ड सर्व विभागांना दिलेला असतो. सबब प्रत्येक चुकीपुढे त्याचेच नाव उमटते आणि त्याच्यावर कारणे दाखवा नोटीस काढण्याचे ठरते, जिचा मसुदा युनिकोडमध्ये टंकून देण्यासाठी आस्थापना शाखा त्यालाच बोलावते.