रोमन नाणी जमवू पाहणाऱ्या खानदेशी होतकरूंसाठी

छंद सुरू करण्याआधी घरच्यांना विश्वासात घ्यावे. ‘शिशाचे तुकडे विकत घेणार आहे’ असे न सांगता ‘पुरातन वस्तूंत गुंतवणूक करतो आहे’ असे सांगावे. जळगावसारख्या सोन्याच्या पेठेत शिशात पैसा घालणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला लोक कचरतात. तेव्हा हे काम शक्यतो लग्नानंतर हाती घ्यावे.

मग रोमन नाणे मिळणार कुठे, हे ठरवावे. खानदेशातल्या वाघोडे गावी सेप्टिमियस सेव्हेरस या रोमन बादशहाचे सोन्याचे एक नाणे मिळाल्याची जुनी नोंद आहे. नाणे एकच, पण तेवढ्यावर अख्खे तापीखोरे रोमशी सोयरीक सांगू शकते. इतके कमी का, याचे उत्तर पाठ करून ठेवावे, पाहुण्यांसमोर उपयोगी पडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापार-मार्गदर्शिकेत लिहिले आहे, की भडोच बंदरात रोमची सोन्याचांदीची नाणी येत आणि तिथल्या चलनाशी बदलताना त्यांत नफा होई. पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर. मग ती चांदी गेली कुठे? अभ्यासकांचा एक तर्क असा, की क्षत्रप नहपानाने ती आटवून आपली नाणी पाडली. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला त्याची तेरा हजारांवर चांदीची नाणी एकाच ठिकाणी निघाली आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला होता. आधीच्याने केलेल्या कामावर आपले नाव घालण्याची चाल अशी जुनी आहे.

आता खरेदी. बाजारात फडके पसरून बसलेला विक्रेता मोठ्याने बोलत असेल तर माल शिवराईचा, कुजबुजत असेल तर रोमन, असे समजावे. ‘वावरमा सापडनं, भाऊ, कोणले सांगू नका,’ असे तो म्हणेल. कोणाचे वावर, हे विचारू नये, त्याला वाईट वाटते. फक्त नाण्याची कड बोटाने फिरवून पाहावी. खरे नाणे दोन ठशांमध्ये घणाने ठोकलेले असते. साच्यात ओतलेल्याला कडेने बारीक शिवण राहते किंवा ती कानशीने घासल्याची खूण दिसते. मग नाण्यावर टायबेरियस बादशहा असेल, तर त्याच फडक्यावरचा दुसरा टायबेरियस मागावा. दोघांच्याही नाकावर एकाच जागी ओरखडा असेल आणि दोघेही डावीकडून सारखेच झिजलेले असतील, तर दोघांचा बाप रोममध्ये नसून जवळपासच कुठेतरी भट्टी पेटवून बसला आहे. आणि नाणे चुंबकासारखे तांदूळ ओढते असे दाखवून फसवणारा कोणी भेटला, तर पुढचे मार्गदर्शन पोलीस ठाण्यात मिळेल.

शिशाकडे वळू. रोममध्ये वाटप, मेजवान्या अशा कामी शिशाची टोकने चालत. ती इथे येण्याचे काही कारण नव्हते, त्यामुळे आपल्याकडे कोणी ‘रोमन टोकन’ म्हणून शिसे दाखवले तर त्यावर हत्ती किंवा उज्जैन चिन्ह (चार टोकांना वर्तुळे असलेली फुली) आहे का ते बघावे. असले तर ते बहुधा सातवाहन, आणि माझ्या मते टायबेरियसपेक्षा शंभर पटींनी आपले! पण त्याला चेहरा नाही, चकाकी नाही, म्हणून ते वजनावर भंगारात जाते. असे नाणे हाती आलेच, तर चिंच, लिंबू, राखुंडी लावून लखलखीत करावे. त्यावरची ब्राह्मी अक्षरे जातात आणि वाचण्याची कटकट मिटते. नंतर ते लाकडी पेटीत किंवा पुठ्ठ्याच्या डबीत बंद करावे. लाकडातल्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी भुकटी धरते आणि काही वर्षांत संग्रहाला जागा कमी लागू लागते. भुकटी विषारी आहे. भरिताला हात घालण्याआधी साबणाने धुवावा.

गिरणाकाठचे बहाळ किंवा तापीकाठचे प्रकाशे इथल्या पांढरीत रात्री कुदळ घेऊन जाण्याचा मोह होईल. दोन्हीकडे १९५०च्या दशकात उत्खनन झाले आहे आणि त्या मंडळींनी थराथराची नोंद ठेवण्याचा वेळखाऊ मार्ग पत्करला होता. नाणे कोणत्या थरात, कोणत्या खापरासोबत होते, हे कळले की त्याचे वय आणि त्याचा प्रवास कळतो. कुदळीने हे सगळे दहा मिनिटांत पुसता येते.

१८७८चा निखात निधी कायदा मात्र वाचून ठेवावा. जमिनीत सापडलेला ठेवा दहा रुपयांहून जास्त किमतीचा असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. १९७२च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुने नाणे परस्पर देशाबाहेरही पाठवता येत नाही, मग अमेरिकेतला भाचा कितीही हौशी असो.

एवढे करूनही हौस उरली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिचे संग्रहालय पाहून यावे. विकतच घ्यायचे असेल तर परवानाधारक विक्रेता गाठावा आणि पावती मागावी. फडकेवाल्याकडेही एकदा मागून बघा, तो लगेच फडके गुंडाळायला लागतो.