पट्टीचे पाय

मराठी माणसाला ‘पट्टी’ म्हटलं की आधी महापालिका आठवते. गवयाला विचाराल तर तो ‘काळी एक’ म्हणेल. लासलगावच्या शेतकऱ्याला विचाराल तर तो बाजार समितीतून मिळालेला कागद पुढे करील. कांद्याचं शेवटी काय हाती आलं ते त्या पट्टीवर लिहिलेलं असतं, आणि पुष्कळदा ते डोळ्यांवर पट्टी बांधूनच वाचावं असं असतं. पायाचं नाव कुणी काढत नाही. वास्तविक सातासमुद्रापार नाव कमावलं ते पायाच्या पट्टीनं.

हिमालयातले लोक थंडीपासून, काट्याकुट्यांपासून बचाव म्हणून पोटऱ्यांना लोकरी कापड गुंडाळत. इंग्रजांनी ते पाहिलं, आपल्या पलटणींना घातलं आणि कापडाबरोबर शब्दही उचलला. उच्चाराची थोडी मोडतोड झाली, पण ती त्यांनी मुंबई-पुण्याचीही केलीच होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खाकी गणवेश आला, तशी ‘पटी’ साऱ्या ब्रिटिश सैन्याच्या पायांत आली. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात उभा असलेला गोरा शिपाई गुडघ्यापर्यंत आपल्या भाषेत गुंडाळलेला होता. 1924 साली गिर्यारोहक एडवर्ड नॉर्टन प्राणवायूच्या नळकांड्याशिवाय एव्हरेस्टवर साडेआठ हजार मीटरच्या वर गेले, तेव्हा त्यांच्या पायांनाही मऊ काश्मिरी पट्ट्या होत्या.

पट्टी बांधणं मात्र पट्टीच्या माणसाचं काम. नऊएक फुटांची पट्टी. प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढला पाहिजे. पायदळानं घोट्यापासून वर जायचं आणि गुडघ्याखाली नाडी बांधायची. घोडदळानं गुडघ्यापासून खाली यायचं आणि नाडी घोट्याशी बांधायची. सैल राहिली तर कवायतीत सगळा डोलारा घोट्यावर येतो, आवळली तर पायाला मुंग्या. माझे आजोबा पोलिसात हवालदार होते. सकाळी ते पट्ट्या बांधायला बसले की घरात कुणी हाक मारायची नाही. मधेच लक्ष गेलं तर सगळं सोडून पुन्हा घोट्यापासून! चोर पळून जायला एवढा अवधी पुरेसा होता, असं आजीचं मत. ते निवृत्त झाल्यावर त्या खाकी पट्ट्या आजीनं गाद्यांच्या वळकट्या बांधायला घेतल्या. सरकारी मालाचा इतका चोख उपयोग सरकारनं कधी केला नसेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिशांनी कॅनव्हासचे, बकल लावायचे आखूड अँकलेट आणले. एनसीसीत गेलेल्यांना ते ठाऊक आहेत. दोन बकलं लावली की काम झालं; त्यात कसब नाही आणि आजीच्या दृष्टीनं उपयोगही नाही.

रंगाऱ्याच्या ‘पुट्टी’शी या पट्टीचं नातं जोडायला मात्र जाऊ नका. भिंतीची पुट्टी फ्रेंचमधून इंग्रजीत आली, तिचं मूळ मडक्यात आहे. आमच्याकडे आलेल्या रंगाऱ्यानं ‘दोन हात पुट्टी’ सांगून एकच हात मारला, तेव्हा ती परक्या घराण्यातली निघाली याचं मला मनापासून समाधान वाटलं.

पायाच्या पट्ट्या आता पोलिसांच्या पायांवरूनही गेल्या. आपल्या वाट्याला उरली घरपट्टी. ती मुदतीआधी भरली तर बऱ्याच महापालिका सवलत देतात. तेवढी पदरात पाडून घ्या.