मी, ट्राय आणि भंडाऱ्याच्या आजी

नागपुरात राहून ज्याला प्लॉटचा फोन आला नाही, त्याने आपलं सिम चालू आहे का ते बघावं. बेसा, हिंगणा, उमरेड रोड, मिहानच्या अलीकडे, मिहानच्या पलीकडे, 'समृद्धी'ला लागून. 'सर, एनए-टीपी, आरएल, सगळं क्लियर आहे' हे मला आता झोपेतही म्हणता येतं. सौ.च्या मते मी ते म्हणतोही.

पण मी कायद्याचा माणूस. १९०९ वर 'स्टार्ट ०' पाठवून डीएनडी घेतलं, म्हणजे जाहिरातीचे फोन नको असलेल्यांच्या सरकारी यादीत नाव घातलं, तेव्हा घरी सत्यनारायण घातल्यासारखं समाधान वाटलं होतं. ही यादी २००७ सालची. तिच्याकडे दिल्लीचं खरं लक्ष गेलं ते २०१० मध्ये, ऐन बैठकीत प्रणव मुखर्जींना कोणीतरी 'गृहकर्ज हवंय का?' म्हणून फोन केला तेव्हा. देशाच्या अर्थमंत्र्याला कर्ज विकायला निघालेल्या त्या पोराचं मला आजही कौतुक वाटतं. पुढच्या वर्षी कडक नियम लागू झाले, जाहिरातवाल्यांना १४० ने सुरू होणारे नंबर मिळाले. झालं असं, की १४० दिसलं की लोक फोनच उचलेनात. मग प्लॉटवाल्यांनी साधी दहा आकडी सिमं घेतली. माझ्या डीएनडीने 'गुड मॉर्निंग सर' म्हणणारे नोंदणीकृत सभ्य लोक तेवढे गप्प बसवले. 'हां बोला, किती स्क्वेअर फूट पाहिजे?' वाले राहिले.

मी तक्रारी करू लागलो. तेव्हा त्या तीन दिवसांच्या आत कराव्या लागत : नंबर, तारीख, थोडक्यात मजकूर. थोडक्यात लिहिणं मला जमत नाही. तक्रार नोंदवल्याचं उत्तर येईपर्यंत तो भाऊ दुसऱ्या नंबरवरून हजर असे. कॉलनीत मात्र माझा दबदबा वाढला. ठेल्यावर तर्री-पोहे खाता खाता मी लोकांना ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, नियम समजावू लागलो.

२०२४ च्या उन्हाळ्यात, भर दुपारी फोन आला. "काहून बे, सकाळपासून मले फोन लावून राहिला? दोन घंट्यात मोबाईल बंद करतो म्हणते?" मी कोणालाच फोन लावला नव्हता. मग उमरेडहून एक, आर्वीहून एक, वर्ध्याहून एक. भामटे ट्रायचे अधिकारी बनून लोकांना घाबरवत होते, आणि समोरच्याच्या स्क्रीनवर नंबर झळकत होता माझा! परदेशातून इंटरनेटवरून आलेल्या कॉलबरोबर पाठवणारा जो नंबर सांगेल, तो इथली यंत्रणा निमूटपणे दाखवत असे. वर्ध्याच्या काकांना मी हे शास्त्रशुद्ध समजावलं.

"म्हंजे फोन तुया नाही, पन नंबर तुया?"

"हो."

"अन् आवाज?"

"त्याचा."

"मंग शिव्या कोनाले देऊ?"

याचं उत्तर मला सुचेना. त्यांनी थांबण्याची तसदी घेतली नाही.

भंडाऱ्याच्या आजींनी शिव्या दिल्या नाहीत, ते जास्त अवघड गेलं. "साहेब, फोन बंद नोका करू जी, नातीचा फोन येते याच्यावर." मी ट्रायचा नाही म्हटलं, तर त्यांना वाटलं साहेब चिडले. त्या रडायलाच लागल्या. शेवटी मी अधिकारवाणीने जाहीर केलं, "आजी, तुमचा फोन बंद होणार नाही. आणि कोणी ओटीपी मागितला तर सांगायचा नाही." आजी खूश. "देव भलं करो. अन् ते प्लॉटवाल्याईचे फोन तेवढे बंद करा." मी तेही कबूल केलं. काही दिवसांनी त्यांचा पुन्हा फोन : "साहेब, काहीच फरक नाही जी. तुमी करून काय राहिले तिथं?" अगदी हाच प्रश्न मी कित्येक वर्षं ट्रायला विचारत होतो.

पाठोपाठ माझ्या मोबाईल कंपनीचा संदेश : तुमच्या नंबरवरून नको असलेले कॉल जात असल्याची तक्रार आहे. कोणीतरी माझ्यासारखाच जागरूक नागरिक! मी कायदा काढून वाचला. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात अशा ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाचून मन भरून आलं. मग लक्षात आलं, गुन्हेगाराचा म्हणून सगळ्यांकडे असलेला एकमेव नंबर माझाच आहे.

माझी सुटका या कलमाने केली नाही. २२ ऑक्टोबर २०२४ ला सरकारने एक यंत्रणा सुरू केली. भारतीय नंबराचं सोंग घेऊन परदेशातून येणारे कॉल ती वेशीवरच अडवते. पहिल्या चोवीस तासांत असे १.३५ कोटी कॉल अडवले, असं सरकारनेच जाहीर केलं. माझ्यावरच्या शिव्या थांबल्या. भामटे मग परदेशी नंबर जसेच्या तसे दाखवू लागले, पण निदान त्यात मी नाही. अमेरिकेतही अशी यादी २००३ पासून आहे, खोटा नंबर दाखवण्याविरुद्ध कायदाही आहे. तरी २०२१ मध्ये फोन कंपन्यांना कॉलवर डिजिटल सही लावायला भाग पाडावंच लागलं. माझ्या मते यंत्राने करायचं काम नागरिकाच्या बोटांवर सोपवलं, की कायदा नुसता वाचायला छान राहतो.

प्लॉटवाले मात्र इथलेच, अस्सल सिमवाले. त्यांना वेशीवर अडवता येत नाही, तिथे बोटंच चालवावी लागतात. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने तक्रारीचे नियम सैल झालेत : तक्रारीला सात दिवस, यादीत नाव नसलं तरी चालतं, आणि दहा दिवसांत पाच तक्रारी कारवाईला पुरतात. तेव्हा राजेहो, फोन आला की १९०९ ला कळवाच. फक्त पाठवण्याआधी तो नंबर माझा नाही ना, तेवढं पाहून घ्या.